छताचा पोपडा आधी उलटून पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराच्या रंगकामाविषयीचा मजकूर आपल्या पुरवणीत वरचेवर येतो आणि तो मी आवर्जून वाचतो. जिप्सम बोर्डाच्या छताचा रंग फुगला किंवा त्याचे पोपडे निघाले, तर ‘खरवडून पुन्हा दोन हात द्यावेत’ एवढाच सल्ला त्यात सहसा असतो. रंगकामाशी माझा बराच काळ संबंध असल्याने सांगावेसे वाटते, की हा सल्ला पाळूनही कित्येक छतांची ‘ये रे माझ्या मागल्या’ अशी गत होते. रंग का सुटला हे न पाहताच तो पुन्हा चढवलेला असतो.

जिप्सम बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांमध्ये दाबलेला जिप्समचा थर. छताचा रंग जिप्समला नव्हे, तर या कागदाला धरून असतो. म्हणून खरवडण्याआधी सुटलेला एक पोपडा हातात घेऊन उलटून पाहावा. त्याच्या पाठीला पांढरी भुकटी असेल, तर सांध्यांवरची पुट्टी घासल्यावर धूळ न पुसता, बहुधा प्रायमरही न लावता, रंग दिला गेला आहे. पाठ गुळगुळीत असून छतावर खाली जुना चकचकीत ऑइल पेंट दिसत असेल, तर तो पॉलिश पेपरने न घासताच त्यावर नवा रंग चढवला आहे. पोपड्याबरोबर कागदाचा पापुद्राही निघून आला आणि आजूबाजूला पिवळट-तपकिरी कडा असलेले डाग असतील, तर वरून पाणी येत आहे असे समजावे. न्हाणीघरात मात्र गळती नसतानाही रंग सुटू शकतो, कारण वाफ बाहेर जायला वाट नसली की ती थंड छतावर जमून पाणी होते. तिथे उत्तम रंगापेक्षा एक्झॉस्ट पंखा अधिक उपयोगी पडतो.

गळती असेल तर ती बंद होऊन बोर्ड पूर्ण वाळेपर्यंत रंगाला हात लावू नये; नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. फुगवट्यात पाणी साठलेले दिसले, तर त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा आणि खाली बादली ठेवून बारीक छिद्राने ते काढून द्यावे. वाळल्यानंतरही बोर्ड अंगठ्याखाली दबत असेल किंवा खाली झोळ आला असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा बसवावा.

सर्वांत जास्त चुका होतात त्या खरवडल्यानंतर. खरवडताना वरचा कागद फाटला की आतला तपकिरी कागद उघडा पडतो आणि तो पाणी झटकन शोषतो. त्यावर थेट ओली पुट्टी किंवा पाण्यावर आधारित रंग लावला, तर कागद फुगून नवे बुडबुडे उठतात आणि माल वाईट होता असा बोल रंगाला लागतो. फाटलेल्या कागदाच्या सुट्या कडा ओढून काढू नयेत, धारदार ब्लेडने कापून घ्याव्यात. मग त्या जागी ऑइल किंवा शेलॅकचा (लाखेचा) सीलर, म्हणजे कागदाला पाणी शोषू न देणारा थर, लावून तो वाळू द्यावा आणि त्यानंतरच पुट्टी भरावी. पुट्टीचे हात पातळ असावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा आणि कडेला पुट्टी पसरवत शून्यावर आणावी. असे केले नाही, तर दिवा लागताच ठिगळ दिसते. शेवटी बारीक पॉलिश पेपरने घासून, ओलसर फडक्याने धूळ टिपून मगच प्रायमर लावावा. पाण्याचे डाग असतील, तर डाग रोखणारा प्रायमरच हवा, कारण साध्या रंगाचे कितीही हात दिले तरी पिवळा डाग वर येतोच.

छतावर उरलेला जुना रंग पक्का आहे का, हे तपासणेही सोपे आहे. ब्लेडने रंगावर छोटी फुली मारून तिच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंग निघाला, तर तो भागही खरवडायला हवा. ठिगळापुरते काम तिथे टिकणार नाही.

घर जुने असल्यास रंगात शिसे असू शकते. अशा वेळी कोरडे घासणे टाळावे आणि रंगाची आधी तपासणी करून घ्यावी. वर तोंड करून काम करताना सगळी धूळ डोळ्यांत आणि नाकातच येते, म्हणून एरवीही चष्मा आणि मास्क हवाच. रंगकामावरील आपल्या पुढील लेखात छतासाठीही थोडी जागा द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक