पडलेला बर्फ आणि उरलेला बर्फ

प्रिय श्रीधर,

तुझा प्रश्न चार दिवस डोक्यात घोळतोय. अंटार्क्टिकावर वर्षानुवर्षं बर्फ पडतोच आहे, मग तो साठत का नाही? फोनवर मी घाईघाईत समुद्रात सुटणाऱ्या हिमनगांचं सांगितलं आणि विषय मिटवला. ते उत्तर अर्धवट होतं. मी त्यातून वारा गाळला, आणि मला तर त्याचाच ध्यास लागलाय.

आधी जमाखर्च बघ. तिथे वर्षाला दोन हजार अब्ज टनांहून जास्त बर्फाची भर पडते. उपग्रहांनी 2002 पासून गुरुत्वाकर्षणावरून मोजलेली निव्वळ घट मात्र वर्षाला साधारण दीडशे अब्ज टनांच्या घरातली. म्हणजे जमेच्या बाजूला दहा टक्के चुकलो, तर ती चूक सगळ्या घटीपेक्षा मोठी! अन् चूक होण्याची जागा हीच. पडलेला बर्फ आणि उरलेला बर्फ यांच्यामध्ये वारा उभा असतो.

हा वारा वादळातच येतो असं नाही. उंच पठारावरची हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून समुद्राकडे घसरते. ऑस्ट्रेलियन शोधक डग्लस मॉसनच्या तुकडीनं 1912-13 मध्ये पूर्व अंटार्क्टिकातल्या कॉमनवेल्थ उपसागराच्या काठी मुक्काम केला, तिथे वर्षाची सरासरीच ताशी 80 किलोमीटरच्या आसपास निघाली. सरासरी, श्रीधर! अशा वाऱ्यात बर्फाचे कण आधी जमिनीलगत उड्या मारत जातात, मग हवेत तरंगू लागतात. कधीकधी उडत्या कणांचा हा थर शंभर मीटरहून उंच चढतो.

आता खरी गोष्ट. जमिनीवरचा बर्फ हवेला फक्त वरच्या अंगानं लागतो, उडालेला कण मात्र चहूबाजूंनी. त्यामुळे तो न वितळता थेट वाफ होऊन जातो, शाळेत आपण शिकलो ते संप्लवन. वाफेनं हवा भरली की हे थांबायला हवं, आणि सपाटीवर बरंचसं थांबतंही. पण उतरणारी हवा दाबानं तापते, पुन्हा कोरडी होते आणि पुन्हा बर्फ खाऊ लागते. किनाऱ्यापर्यंत पोचलेले कण समुद्रात पडतात. ते तर कायमचे गेले.

काही ठिकाणी वारा सगळा बर्फ खरवडून नेतो आणि खालचा जुना निळा बर्फ उघडा पडतो. असा भाग खंडाच्या जेमतेम एक-दोन टक्के. 1969 मध्ये जपानी पथकाला यामातो डोंगरांजवळ अशाच बर्फावर नऊ उल्का सापडल्या. मला मात्र काळजी वाटते ती त्याच्या रंगाची. ताज्या बर्फापेक्षा तो ऊन जास्त शोषतो. किंग बोदुआँ या तरंगत्या हिमस्तरावर वाऱ्यानं उघड्या पाडलेल्या बर्फामुळे वितळण वाढते आणि ते पाणी आत साठतं, असं आढळलंय. वारा थेट जेवढं नेतो, त्यापलीकडचं हे नुकसान.

उलट आडोसा मिळाला की वारा ओझं तिथेच टाकतो. आपलं तिथलं पहिलं संशोधन केंद्र, दक्षिण गंगोत्री, 1983-84 मध्ये उभं राहिलं आणि काही वर्षांतच बर्फाखाली गाडलं गेलं. 1990 मध्ये ते सोडावं लागलं. म्हणून एका ठिकाणी खांब रोवून ‘इथे एवढा बर्फ पडला’ म्हणणं मला पटत नाही. तो पडलेला की आणून टाकलेला, हे खांब सांगत नाही. पडणारा बर्फ मोजायला ठेवलेल्या भांड्याचीही तीच गत, जमिनीवरून उडालेले कण त्यातही शिरतात.

एक कर. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठाराचं उपग्रहचित्र उघड आणि बोटांच्या ठशासारख्या रेषा शोध. त्या बर्फाच्या महालाटा आहेत, काही मीटर उंच आणि एकमेकींपासून दोन-पाच किलोमीटर अंतरावर. वाऱ्याकडच्या अंगावर बर्फ साचतो, दुसरं अंग घासून गुळगुळीत होतं, त्यामुळे या लाटा वाऱ्याच्या उलट दिशेनं सरकतात. सापडल्या की कळव, रात्री उशिरा असला तरी फोन कर.

तुझा,
अनंत