गिऱ्हाइकाला समोर बसवून एस्प्रेसो मशीन उघडणाऱ्या, नागपूरच्या बर्डीतल्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमच्या टेबलावर येण्याआधी हे मशीन एका चकाचक सर्व्हिस सेंटरात जाऊन आलं होतं. तिथे एकही स्क्रू न काढता निकाल लागला: "बोर्ड गेलाय, नवीनच घ्या." दुसऱ्या एकाने टाकीत व्हिनेगर ओतलं, पैसे घेतले आणि "झालं साफ" म्हणून परत दिलं. तुम्ही आधी प्लग काढलात आणि हीटरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावलात. आकडा आला ४१ ओहमच्या आसपास. १३०० वॅटच्या हीटरला २३० व्होल्टवर तेवढाच यायला हवा. म्हणजे हीटर शाबूत होता.

खरा दोष त्या व्हिनेगरनेच वाढवला होता. बॉयलरमधल्या क्षाराचे पापुद्रे अर्धवट सुटले आणि वाहत जाऊन सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपेच्या, बारीक भोकात बसले. कॉफी काढल्यावर उरलेला दाब याच व्हॉल्व्हमधून खालच्या ट्रेमध्ये सुटतो. तो अडला की चोथा ओला, चिखलासारखा राहतो आणि कॉफी भरायचा दांडा फिरवताच फस्सकन अंगावर उडतो. म्हणून तुमचा क्रम महत्त्वाचा: आधी डिस्केलिंग म्हणजे क्षार काढणं, व्हॉल्व्ह शेवटी. एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. बॉयलर त्या पाण्याने भरून, मशीन बंद करून २० मिनिटं, मग दोन टाक्या साधं पाणी. बॉयलर पितळी होता म्हणून एवढा वेळ. अ‍ॅल्युमिनियमचा असता तर इतकं थांबायचं नाही, हेही तुम्ही बजावलंत. त्यानंतर व्हॉल्व्हच्या कॉइलचा नट काढून आतला स्प्रिंगवाला प्लंजर बाहेर काढला. भोकात सुई घालू दिली नाहीत. प्लंजर टेकून भोक बंद होतं त्या बैठकीवर ओरखडा पडला की व्हॉल्व्ह कायमचा गळतो.

ग्रूप हेडची, म्हणजे दांडा अडकवायच्या तोंडाची, रबरी रिंग जुन्या कुकरच्या रिंगेसारखी कडक झाली होती. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना तिचे तुकडे पडले. नवी ८ मिलिमीटरची बसवण्याआधी तुम्ही खाच ब्रशने घासून काढलीत, कारण तिथे कॉफीचा काळा थर राहिला तर नवी रिंगही पहिल्याच दिवशी गळते. आता दांडा मधोमध येण्याआधीच अडतो. रिंग बसली की तो आपोआप सहाच्या काट्यावर येईल म्हणालात. त्या तोंडातली पाणी सोडणारी जाळी गरम पाण्यात क्लीनिंग पावडर टाकून भिजवली, पण तिच्या वरची अ‍ॅल्युमिनियमची चकती त्यात जाऊ दिली नाहीत. ती पावडरने काळी पडते.

हे सगळं कुणी चांगला कारागीर करेलही. पत्र लिहायला बसवलं ते त्या कॅलेंडरच्या पानाने. जुन्या महिन्याचं पान उलटं करून तुम्ही त्यावर मशीनचा ओबडधोबड आराखडा काढला आणि निघालेला प्रत्येक स्क्रू कागदाला त्याच्याच जागी टोचून ठेवला. झाकणाचे आखूड पुढे, मागचे लांब. लांब स्क्रू पुढे लागला तर आतल्या वायरीला टोचतो, तिथे पेनाने फुली. जोडणी झाल्यावर ते पान घडी घालून हातात दिलंत: "पुढच्या वेळी तुमीच उघडजा, काही कठीण नाही." पुढचं गिऱ्हाईक हातचं जाईल, हा हिशेब मनात आलाच नाही का? झाकण उघडताना गिऱ्हाइकाला काउंटरपलीकडे थांबवणारे या शहरात पुष्कळ आहेत. तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत. सज्जनपणाला पाटी लावावी लागत नाही, बाप्पा.

पानाच्या कोपऱ्यात तुम्ही लिहिलेलं पाळतोय. दांड्यात आंधळी, म्हणजे भोकं नसलेली, जाळी बसवून तिच्यात अर्धा चमचा क्लीनिंग पावडर, १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, असं पाच वेळा. मग तेवढंच साध्या पाण्याने, फेस थांबेपर्यंत. शेजाऱ्यांच्या छोट्या मशीनला तो सोलेनॉइड व्हॉल्व्हच नाही, त्यामुळे तिथे हे करायचं नाही, हेही त्यांना सांगितलं. बोअरचं पाणी टाकीत बंद केलंय. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत ते मिसळतंच, म्हणून आता आरओच्या पाण्यात थोडं नळाचं. नुसत्या आरओने चव पोकळ लागते, हे तुमचं म्हणणं पटलं.

वाफेच्या नळीचा नॉब अजून जड फिरतो. त्याचं पॅकिंग बदलायला मशीन आणतोच. पान आमच्याकडे आहे, झाकण आम्हीच उघडू. त्या वेळी मात्र नुसत्या रिंगेचे पैसे घेऊन मजुरी "राहू द्या" म्हणायचं नाही.

आपले,
धरमपेठेतले कॉफीवाले गिऱ्हाईक