तो मिकी नव्हता, जेरी होता

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला हॉलिवूडच्या दोस्तीपटांवरचा लेख आवडला. मात्र त्यात 'अँकर्स अवे' या जुन्या संगीतपटाबद्दल लिहिताना नट-नर्तक जीन केली कार्टूनमधल्या मिकी माऊसबरोबर नाचतो असं म्हटलंय आणि पुढे कंसात 'कॅमेऱ्याची करामत' असे दोन शब्द टाकलेत. मिकीचं एक वेळ सोडून देता येईल. कंसातलं मात्र मला लागलं, कारण कार्टूनची चित्रं हाताने रंगवण्याच्या त्याच कामावर सतरा वर्षं माझं पोट चाललं.

आधी मिकीचं. विचार त्याचाच होता, डिस्नेकडे विचारणाही झाली होती, पण ते काही जमलं नाही. मग सिनेमा काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओने घरचाच उंदीर घेतला, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचा जेरी. टॉमसुद्धा आहे त्यात, पण नोकराच्या वेशात, जेमतेम हजेरीपुरता.

आता करामतीचं. मी मुंबईत एका जाहिरातपटांच्या स्टुडिओत इंकिंग-पेंटिंगला, म्हणजे चित्रांच्या रेषा काढून रंग भरायला होते. सेलवर, म्हणजे चित्राच्या पारदर्शक शीटवर, बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून हातात पांढरे सुती मोजे घालायचे आणि ब्रश धरता यावा म्हणून त्यांचा अंगठा आणि दोन बोटं कापून टाकायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात. आम्ही एकेक चित्र दोन-दोन फ्रेमना वापरून बारांत भागवायचो, तरी साबणाच्या वीस सेकंदांच्या जाहिरातीला मान मोडून जायची. १९८६च्या सुमारास आमच्या सीनियरांनी या सिनेमाची व्हीएचएस कॅसेट आणली आणि उंदराच्या नाचाशी थांबवली. पॉज केलं की चित्र थरथरायचं. त्या थरथरत्या चित्रात त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, ते ना केलीवर, ना जेरीवर, तर खाली फरशीवर. म्हणाले, "हे बघा. याला म्हणतात काम."

फरशी गुळगुळीत होती. तिच्यात केलीचं प्रतिबिंब पडत होतं, उंदराचं पडणार कुठून? तो तिथं नव्हताच. सगळं जुळवून झाल्यावर हे लक्षात आलं आणि मग त्या लोकांनी पुन्हा बसून जेरीचं प्रतिबिंब काढलं. नाचणारा उंदीर एक आणि त्याच्या पायाखाली उलटा नाचणारा दुसरा. प्रत्येक फ्रेमला. यात कॅमेऱ्याने काय केलं सांगा! त्याने रिकाम्या जागेशी नाचणारा एक माणूस टिपला. बाकी सगळं पेन्सिलीचं आणि ब्रशचं.

आणि अर्थात केलीच्या नजरेचं. तो जिथं बघतो तिथं उंदीर आहे असं आपल्याला वाटतं, कारण त्याची नजर बरोबर तेवढ्याच उंचीवर अडते. चित्रकाराला याहून मोठी मदत नसते. आमच्या जाहिरातीतल्या मॉडेल्स कार्टूनच्या डोक्यावरून पलीकडे बघायच्या, मग आम्ही बिचाऱ्या पात्राची मान लांब करत बसायचो!

दोस्तीचं म्हणाल तर सिनेमातला केलीचा जोडीदार, गायक फ्रँक सिनात्रा, याला लेखकाने 'नाचणारा गायक' म्हटलंय. तो तेव्हा नाचणारा नव्हता. केलीने त्याच्याकडून आठवडेच्या आठवडे घटवून घेतलं, तेव्हा कुठे दोघं त्या खाटांवरून उड्या मारत नाचताना दिसतात. गोष्टीतही तेच आहे. चार दिवसांच्या रजेवर हॉलिवूडला आलेले दोन खलाशी. त्यातल्या लाजऱ्या क्लॅरन्सला (सिनात्रा) जोकडून (केली) मुली पटवायच्या कशा ते शिकायचंय. (ज्याच्यासाठी अमेरिकेतल्या पोरी त्या काळात किंचाळत होत्या, त्या सिनात्रालाच हा मुखदुर्बळ माणूस दिला, हा यातला सगळ्यात मोठा विनोद.) आणि उंदराची गोष्ट काय? राज्यात नाचगाण्याला बंदी, कारण राजालाच, म्हणजे जेरीलाच, नाचता येत नाही. मग केली त्याला शिकवतो. एकाच सिनेमात दोन जोडीदार, दोघांनाही नाच येत नाही आणि दोन्ही वेळा केली त्यांना नाचवून मोकळा! लेखात दोस्तीवर एवढं लिहिलं, पण हे कसं निसटलं कळत नाही.

सिनेमा लांबलाय, हेही खरं. सव्वादोन तासांच्या वर जातो. होसे इटुर्बीच्या पियानोवादनाच्या वेळी आमच्या स्टुडिओत हमखास चहा व्हायचा. जुलै १९४५चा सिनेमा, जपानशी युद्ध अजून चालू होतं. खलाशांच्या रजेचे चार दिवस तेव्हाच्या प्रेक्षकाला कसे वाटले असतील, हे आज घरच्या सोफ्यावर बसून कळणं अवघड आहे. संगीताचं ऑस्कर मिळालं, अभिनयासाठी केलीला नामांकन मिळालं. फरशीतलं प्रतिबिंब काढणाऱ्यांना वेगळं काही मिळाल्याचं माझ्या वाचनात नाही.

तेव्हा चूकदुरुस्ती छापणार असाल तर मिकीचा जेरी करालच. सोबत कंसातले ते दोन शब्दही काढा.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)