आधी सुटायला शिकवा, मग पकडायला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी शिबिरांच्या फलकांवर आता कराटे, तायक्वांदोच्या शेजारी ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या झटापटीच्या खेळाचं नाव दिसू लागलं आहे. खेळ वाढतोय याचा आम्हाला आनंदच आहे. पण दहा दिवसांत दहा डाव शिकवू, अशा थाटाची जाहिरात दिसली की काळजी वाटते. नवख्याचे पहिले तीन महिने खालून सुटण्यात आणि वेळेवर टॅप करण्यात, म्हणजे थाप मारून ‘सोड’ असं सांगण्यात, गेले पाहिजेत. गळा आवळणं, कोपर ताणणं त्यानंतर. हा क्रम उलटला की दुखापती होतात आणि मुलं खेळ सोडून जातात. पालकांना हे बाकावर बसूनही ओळखता यावं, म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

या खेळाचं मूळ ज्युदोत आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था काढली. तिथे तयार झालेला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला आणि पुढे बेलेमला स्थिरावला. त्याच्याकडे शिकलेले कार्लोस ग्रेसी आणि त्यांचे धाकटे भाऊ एलिओ यांनी रिओ दि जानेरोत जमिनीवरच्या लढतीचा भाग वाढवत नेला. एलिओ अंगाने किरकोळ होते. जड माणसाच्या खाली दम न घालवता टिकायचं कसं, हा प्रश्न त्यांच्यासाठी रोजचा होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसी या मिश्र लढतींच्या स्पर्धेत त्यांचा मुलगा रॉयस याने एकाच रात्रीत तीन जड गडी शरण आणले, तेव्हा जगाने या खेळाकडे वळून पाहिलं. बघणाऱ्यांच्या लक्षात राहिली ती शेवटची पकड. तिच्याआधीचं खाली टिकून राहणं मात्र नजरेआड झालं, आणि शिकवण्यातली गल्लत तिथूनच सुरू होते.

स्पर्धेचे गुणसुद्धा हेच सांगतात. समोरच्याला खाली आणलं तर २ गुण. खाली असताना त्याला आपल्या पायांमध्ये धरून ठेवलं (या जागेला गार्ड म्हणतात) आणि तिथून उलटवून वर आलं, म्हणजे स्वीप केला, तर २. पोटावर गुडघा रोवला तर २. त्याचे पाय ओलांडून बगलेला पोचलं, म्हणजे गार्ड पास केला, तर ३. छातीपोटावर बसून माउंट घेतला किंवा पाठीमागून दोन्ही पाय आत अडकवून पाठ घेतली, तर ४. प्रत्येक जागा ३ सेकंद टिकवून दाखवावी लागते. आवळपकडीचा प्रयत्न फसला तर त्याला गुण नाहीत. ती लागली तर लढत संपते, नाही लागली तर हातातली जागा सुटून आपण खाली जातो. ज्याला जागा राखता येत नाही त्याला पकड शिकवणं म्हणजे पाया न भरता गच्ची ओतणं.

पहिल्या आठवड्यात शिकवावी अशी एक सोडवणूक इथे सविस्तर सांगतो. ती उपा या नावाने ओळखली जाते. वरचा गडी आपल्या पोटावर बसलाय, त्याचे गुडघे आपल्या दोन्ही कुशींना आहेत. कोपरं बरगड्यांना चिकटवून ठेवायची. नवखा इथेच चुकतो. तो घाबरून दोन्ही हात सरळ करून वरच्याची छाती ढकलतो, आणि सरळ झालेला हात म्हणजे आर्मबारला, कोपर ताणणाऱ्या पकडीला, आयतं आमंत्रण. वरच्याने आपल्या छातीवर किंवा कॉलरवर हात टेकला की तोच हात धरायचा. एका हाताने मनगट, दुसऱ्याने कोपराच्या वर, आणि हात छातीशी घट्ट. त्याच बाजूचा आपला पाय त्याच्या पावलाच्या बाहेरून टाकून पाऊल अडकवायचं. दोन्ही टाचा ढुंगणाजवळ ओढून घ्यायच्या. मग कंबर जितकी उंच जाईल तितकी उचलायची आणि धरलेल्या बाजूच्या खांद्यावरून मागे बघत तिरकं वळायचं.

टेबलाचे एकाच बाजूचे दोन पाय काढले की टेबल त्याच बाजूला कलंडतं, तसंच हे. म्हणून हात उजवा आणि पाऊल डावं अडकवलं तर काही घडत नाही. मोकळा पाय टेकून वरचा सावरतो. दुसरी चूक, कंबर सरळ वर उचलणं. त्याने वरचा नुसता डोक्याकडे सरकतो आणि उलट जास्त घट्ट बसतो. टाचा लांब राहिल्या तर पायात जोरच येत नाही. तिसरी चूक डाव जमल्यानंतरची. उलटून वर आलेला मुलगा खूश होऊन पुढे वाकतो, एक हात खालच्याच्या पायांच्या आत, एक बाहेर, आणि पुढच्याच क्षणी ट्रँगलमध्ये, म्हणजे पायांनी गळा आवळणाऱ्या पकडीत, सापडतो. वर आल्याबरोबर गुडघे रुंद, पाठ ताठ, दोन्ही हात खालच्याच्या कमरेवर. इथपर्यंत पोचलं तर उपा पूर्ण झाला म्हणावं.

वरच्याने मोकळा हात लांब टेकवून हा डाव अडवला, तर त्याच्या वजनाचा तोल सरकलेला असतो. त्या क्षणी कुशीवर वळून, कोळंबीसारखं अंग दुमडत कंबर मागे सरकवायची, कोपर आणि गुडघ्यामध्ये त्याचा गुडघा दाबत आपला पाय आत घ्यायचा आणि गार्डमध्ये यायचं. हे दोन डाव जोडीनेच शिकवायला हवेत. एक अडला की दुसऱ्याची वाट उघडते. एकेकटे शिकवले तर मुलगा एकाच दिशेने धडपडत राहतो आणि दोन मिनिटांत त्याचा दम संपतो.

सरावाची पद्धतही तशीच हवी. डाव दाखवला, दहा वेळा करवून घेतला आणि लगेच मोकळं रोलिंग, म्हणजे मोकळी झटापट, सुरू केली, तर शिकलेलं सगळं हवेत जातं. त्याऐवजी माउंटपासूनच सुरुवात करून दोन मिनिटांचे फेरे ठेवावेत. वरच्याने फक्त टिकून बसायचं, खालच्याने फक्त सुटायचं, पकड कोणीच लावायची नाही. सुटला की पुन्हा पहिल्या जागी, मग अदलाबदल. एका तासात असे सहा-सात फेरे झाले की मुलाच्या अंगात जे बसतं, ते महिनाभराच्या मोकळ्या झटापटीत बसत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

तालमीतून येणाऱ्या मुलांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आपल्याकडे ती बरीच येतात आणि वर्गात सगळ्यात ताकदीची तीच असतात. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की चीत. त्यामुळे पैलवानाचं अंग पाठ वाचवायला शिकलेलं असतं. खाली गेला की विचार न करता तो पोटावर वळतो आणि हातापायांवर घट्ट होऊन बसतो. लाल मातीत हे योग्यच. इथे मात्र त्याने समोरच्याला आपली पाठ दिली. चार गुण जाऊ शकतात आणि मागून गळ्याची पकडही बसू शकते. ही सवय नुसतं सांगून मोडत नाही. त्याला पहिले काही आठवडे मुद्दाम पाठीवर झोपवून, समोरच्याकडे तोंड ठेवून, पाय मध्ये घेऊन खेळायला लावावं लागतं. पाठ टेकणं म्हणजे हार नव्हे, हे त्याच्या अंगाला पटायला डोक्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ वस्तादाने द्यायचा असतो.

दुहेरी पटात, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडताना, मान खाली घालून शिरायची सवय असेल तर तिथे गिलोटिन, म्हणजे समोरून मानेला हाताचा विळखा, बसतं. म्हणून पाठ सरळ, नजर वर आणि डोकं समोरच्याच्या बरगडीला चिकटलेलं हवं. धोबीपछाड अर्धवट राहिला तर पुन्हा पाठच दिली जाते. त्याचबरोबर तालमीचं देणंही मोठं आहे. पुलाची, म्हणजे पाठीवरून कंबर उचलण्याची ताकद, मनगटाची पकड आणि वरून वजन टाकण्याची समज या मुलांना शिकवावी लागत नाही. उपा तर त्यांना दुसऱ्याच दिवशी जमतो. फक्त दिशा तिरकी ठेवायला सांगावं लागतं.

आता टॅप. हाताने समोरच्याच्या अंगावर स्पष्टपणे दोन-तीन वेळा थाप मारायची. हात अडकले असतील तर पायाने जमिनीवर, नाहीतर तोंडाने. थाप अंगावर मारायची, कारण गडबडीत मॅटवरची थाप कानावर पडेलच असं नाही. थाप लागताच सोडायचं, प्रशिक्षकाची वाट बघायची नाही. हे पहिल्या दिवशी, कोणताही डाव दाखवण्याआधी शिकवावं आणि मुद्दाम करवून घ्यावं. टॅपला हार मानणारा वर्ग असेल तर मुलं शेवटपर्यंत ताणून धरतात.

ताणून धरण्याचा परिणाम पकडीप्रमाणे बदलतो, हेही सांगायलाच हवं. गळ्याची नीट लागलेली पकड श्वासनलिकेवर नसते, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर असते. तिथे दुखेलच असं नाही. दहाएक सेकंदांत, कधी त्याआधीच, शुद्ध हरपते. म्हणून “अजून दुखत नाही” हा निकष इथे चालत नाही. शुद्ध गेली तर ताबडतोब सोडून सपाट झोपवायचं, श्वास चालू आहे ना ते बघायचं, तोंडात पाणी घालायचं नाही. बहुतेक वेळा काही सेकंदांत माणूस शुद्धीवर येतो. नाही आला तर थेट १०८ ला फोन. शुद्धीवर आलेल्यालाही त्या दिवशी पुन्हा मॅटवर उतरवू नये आणि डॉक्टरांना दाखवावं. आर्मबारमध्ये कोपर दुखायला लागतं, इशारा मिळतो, पण पकड झटक्यात लावली तर थाप मारायलाही वेळ उरत नाही. सरावात ती दोन-तीन सेकंद घेऊन, कंबर हळू उचलत लावायची असते. टाच पिळणारं हील हुक सगळ्यात फसवं. त्यात ताण गुडघ्याच्या आतल्या दोऱ्यांवर येतो आणि दुखेपर्यंत इजा होऊनही गेलेली असू शकते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयबीजेजेएफच्या नियमांत गी, म्हणजे खेळाचा जाड पोशाख, घालून ते कोणालाच चालत नाही. गीविना खेळतानाही फक्त तपकिरी आणि काळ्या पट्ट्याच्या प्रौढांना मुभा आहे. शिबिरातल्या शाळकरी मुलांना ते दाखवणाऱ्यापासून मुलं लांब ठेवा.

त्याच नियमांमधली आणखी एक गोष्ट पालकांना हाताशी ठेवता येईल. १६ वर्षांखालच्या मुलाला निळा पट्टा देता येत नाही. मुलांचे पट्टे वेगळे आहेत. पांढऱ्यानंतर करडा, ७ व्या वर्षापासून पिवळा, १० व्यापासून नारिंगी, १३ व्यापासून हिरवा. काळा पट्टा वयाच्या १९ व्या वर्षाआधी नाही. निळ्यावर किमान २ वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर १ वर्ष काढावं लागतं, आणि प्रत्यक्षात काळ्यापर्यंत पोचायला बहुतेकांना दहाच्या आसपास वर्षं लागतात. फलकावर बारा वर्षांचा निळा पट्टेवाला दिसला, तर तो पट्टा कोणी आणि कशाच्या आधारावर दिला ते विचारावं. खरा प्रशिक्षक आपला पट्टा कोणाकडून मिळाला हे न अडखळता सांगतो.

मॅटची जाडी बघा. फक्त जमिनीवरचं काम असेल तर २५ मिलिमीटर चालतं, पाडापाडी असेल तर ४० हवी, आणि तुकड्यांच्या सांध्यांत बोट अडकणार नाही इतक्या त्या घट्ट बसलेल्या हव्यात. दर जोडीला निदान दोन बाय दोन मीटर मोकळी जागा द्यावी. त्याहून दाटी असली तर दुखापत स्वतःच्या जोडीदाराकडून होत नाही, शेजारची जोडी अंगावर पडून होते.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, त्वचेचे आजार हा खेळातला मोठा त्रास आहे. गी वाळत नाही, मॅट दमट राहते आणि नायटा एका मुलाकडून अख्ख्या वर्गात जातो. दोन गी लागतातच. ओली गी पिशवीत रात्रभर ठेवायची नाही. मॅट आधी झाडायची, मग जंतुनाशकाने पुसायची, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ती ओली राहू द्यायची. लगेच कोरडी केली तर पुसणं वाया जातं. मॅटच्या कडेला चपला हव्यात. अनवाणी स्वच्छतागृहात जाऊन परत मॅटवर येणारा सगळ्यांना धोका देतो. नखं दर आठवड्याला कापलेली. गोल चट्टा दिसला की त्या मुलाचा वर्ग बंद आणि त्वचारोगतज्ज्ञ. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम खाज थांबवतं, पण नायटा आतून पसरत राहतो, आणि ते मूल बरं झालं असं समजून वर्गात परत येतं.

शिबिर घेणाऱ्यांना आमची विनंती आहे. हातात दहाच दिवस असतील तर त्यात पडायला शिकवा. हनुवटी छातीला, हात शरीरापासून तिरके, तळव्याने थाप, कोपर टेकू द्यायचं नाही. टॅप शिकवा. उपा आणि कोपर-गुडघ्याची सोडवणूक शिकवा. बसल्या जागेवरून एक हात मागे टेकून, दुसऱ्याने तोंड वाचवत, कंबर उचलून पाय खालून मागे नेत उभं राहणं शिकवा. अंगावर आलेल्या मोठ्या मुलाखालून निसटून दाराकडे पळता येणं, इतकं दहा दिवसांत नक्की जमतं. गळ्याची पकड त्या दहा दिवसांत नको.

आपले,
ब्राझिलियन जिउ-जित्सूचे दोन प्रशिक्षक, पुणे