अर्धांगवायूनंतर नजर कोण तपासणार?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. अर्धांगवायूतून उठलेली माणसं माझ्याकडे नंबर काढायला येतात. ‘डाव्या डोळ्याला दिसत नाही,’ म्हणतात. तक्ता वाचायला लावला तर दोन्ही डोळे ठणठणीत! बिघाड मेंदूत असतो. दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्याचा एकाच बाजूचा अर्धा भाग गेलेला असतो. चष्मा त्याला काय करणार?

काहींना तर दिसत असूनही डावीकडे लक्षच जात नाही. ताटातली भाजी-आमटी संपते, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते, आणि घरचे समजतात, तोंडाची चव गेली. चौकटीला खांदा आपटतो, ओळीचा पहिला शब्द सुटतो. यातलंच कुणी महिन्याभराने स्कूटर बाहेर काढतं, तेव्हा मात्र छातीत धस्स होतं.

डोक्याला मार लागलेल्यांचंही असंच. त्यांना अनेकदा एकाचे दोन दिसतात.

गेलेली नजर व्यायामाने परत आणून देतो म्हणणारी महागडी अ‍ॅप बाजारात आहेत. त्यांचा पुरावा तोकडा आहे, सरकारने त्यांवर पैसा घालू नये. पहिल्या काही आठवड्यांत काहींची नजर आपोआप थोडी सुधारते. पुढे शिकवायचं ते गेलेल्या बाजूला मुद्दाम नजर आणि मान वळवून शोधायला. वाचताना समासात लाल रेघ मारायची, ती दिसेपर्यंत डावीकडे जायचं. दोन-दोन दिसत असेल तर चष्म्यावर चिकटवायचं प्रिझम किंवा एका काचेवर पट्टी. यात खर्चिक असं काय आहे?

माणसं नाहीत, असंही नाही. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं; तिची देशातली पहिली शाळा 1950 मध्ये मुंबईच्या केईएममध्येच सुरू झाली. सरकारी रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी आहेत, पण त्यांचा दिवस मोतीबिंदू आणि चष्म्यांत जातो. फिजिओथेरपिस्ट हात-पाय चालते करतात. नजरेचं काम या सगळ्यांच्या मधे कुठेतरी पडून राहतं.

समोर बसून, एकेक डोळा झाकून, चारही बाजूंना बोटं दाखवायची प्राथमिक तपासणी पाच मिनिटांत होते, यंत्र लागत नाही. अर्धांगवायूच्या आणि डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाची ती घरी सोडण्याआधी करावी, असं परिपत्रक काढा. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस नेत्र चिकित्सा अधिकारी आणि थेरपिस्ट एकाच खोलीत बसवा. आणि डिस्चार्ज कार्डावर ‘नजरेचा आवाका’ असा रकाना छापा. रकाना असला की कुणाला तरी तो भरावाच लागतो.

आपला,
एक ऑप्टोमेट्रिस्ट