पासपोर्ट कुणाच्या खिशात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी नोकरीच्या फसवणुकीच्या बातम्यांत किती लाख बुडाले एवढंच ठळक येतं. पोरगं मधल्याच देशात अडकलं, तिथे त्याचं काय झालं, यावर चार ओळी याव्यात म्हणून हे पत्र.

आम्ही विट्याचे, गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. वडील पहिल्यांदा कोचीला निघाले तेव्हा खिशात मामांच्या दुकानाचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड होतं. वाटेत चुकामूक झाली असती तरी पुढच्या सराफकट्ट्यावर कुणीतरी गाववाला भेटला असता. मुलुख सोडणं आम्हाला नवं नाही. वाटेत ओळखीचं कुणीच नसणं नवं आहे.

आमच्या गल्लीतला बी.कॉम. झालेला मुलगा बँकॉकला ‘डेटा एंट्री’च्या नोकरीसाठी गेला. थायलंडला तेव्हा व्हिसा माफ, त्यामुळे घरच्यांना तो सहलीला निघाल्यासारखंच वाटलं. विमानतळावरून गाडीने थेट सरहद्दीवरचं मे सोट. ‘एंट्री करायचीय’ म्हणून ड्रायव्हरने पासपोर्ट घेतला, तो गेलाच. रात्री होडीतून मोएई नदी ओलांडली की म्यानमार. तिथे सोळा-सोळा तास बसून फोनवरून लोकांना गंडवायचं काम. पुढे तो निसटला. पण मारहाणीपेक्षा तो दुसरीच गोष्ट सारखी सांगतो: नदीच्या अलीकडे, थायलंडात पोचल्यावरही पोलिसाजवळ जायला पाय धजत नव्हते. पासपोर्ट नाही, सरहद्द चोरून ओलांडलेली. कागदोपत्री गुन्हेगार तोच!

असा तो एकटा नाही. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी मे सोटहून ५४९ भारतीयांना परत आणलं. आणि चोरून सरहद्दी ओलांडत अमेरिकेला जायची ‘डंकी’ वाट पंजाब-गुजरातची, आपला काय संबंध, असंही म्हणायची सोय नाही. ५ फेब्रुवारी २०२५ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानातून परत पाठवलेल्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्रातले होते.

मला खटकतं ते आपल्या कायद्यातलं एक भोक. दहावी न झालेला माणूस ठरावीक देशांत कामाला निघाला, तर १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली त्याला सरकारची मंजुरी लागते. त्या यादीत थायलंडही आहे. दहावी झालेल्याला मात्र सूट, शिकलेला माणूस फसत नाही असं धरून. आणि या टोळ्यांना हवीत नेमकी इंग्रजी बोलणारी, कॉम्प्युटर येणारी पोरं.

पासपोर्टच्या पडताळणीला हवालदार बहुधा घरी येतो. त्याच्या हातून एक मराठी चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कसा बघायचा, वाटेतल्या देशांतल्या भारतीय दूतावासांचे फोन कुठे मिळतील, आणि पासपोर्ट ड्रायव्हरच्या हाती का द्यायचा नाही, एवढं तीवर पुरे. पोलीस खात्याला जमेपर्यंत आपण नोकरीच्या जाहिरातींच्या पानावर ही चौकट छापावी, ही विनंती.

— एक गलाई व्यावसायिक, विटा (जि. सांगली)