चौकशी जरूर करा, पण दारात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली बाल संरक्षणावरची बातमी वाचली. मुलांवर अन्याय होताना दिसला तर १०९८ या मदत क्रमांकावर कळवा, हे आवाहन योग्यच आहे. पण कळवल्यावर जी माणसे घरी येतात ती कशी वागतात, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. माझ्या दारात ते घडले आहे, म्हणून लिहिते.

माझी मुलगी दुसरीत आहे. मामाच्या मोटरसायकलवरून उतरताना तिच्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला. फोड फुटला, डाग राहिला. शाळेत बाईंनी विचारले तर ही गप्प, कारण घाईने उतरू नको म्हणून मामाने आधीच बजावले होते. बाईंना शंका आली, त्यांनी पुढे कळवले. बाईंबद्दल माझी तक्रार नाही. मुलांकडे एवढे लक्ष देणारे शिक्षक सगळ्यांना मिळोत.

नंतर चौकशीला एक महिला आणि एक गृहस्थ घरी आले, ते नेमके संध्याकाळी नळाला पाणी यायच्या वेळेला. सगळी गल्ली घागरी घेऊन बाहेर. त्यांनी आधी शेजारणीला विचारले, यांच्या घरात मारहाण होते का म्हणून. मग माझ्या लेकीला उंबऱ्यात उभी केली, फ्रॉक वर करून पायाचा मोबाईलवर फोटो काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "आईने चटका दिला ना? खरं सांग, नाहीतर बालगृहात ठेवावं लागेल." मी दवाखान्याचा केसपेपर हातात घेऊन उभी होते. तो नंतर बघू म्हणाले. पोरगी माझ्याकडे बघून रडायला लागली. 'बालक आईला घाबरते' अशी त्याची नोंद झाली, हे मला अशा प्रकरणांचा निर्णय देणाऱ्या बालकल्याण समितीपुढे गेल्यावर कळले.

समितीतल्या मॅडमनी मात्र तिला आतल्या खोलीत नेले, शेजारी बसवून बोलते केले, केसपेपर पाहिला आणि प्रकरण तिथेच मिटले. म्हणजे नीट विचारता येते. मग ते आमच्या दारात का जमले नाही? २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाचा सन्मान आणि खासगीपणा जपा, मूल संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजा, असे स्पष्ट आहे. सामाजिक तपासणीला, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीच्या चौकशीला, कायद्याने १५ दिवस दिलेत. ती गल्लीत उभ्या उभ्या उरकायची आणि जो शेवटचा उपाय त्याची धमकी पहिल्याच भेटीत सात वर्षांच्या पोरीला द्यायची, हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात?

प्रकरण मिटल्याचे गल्लीला कोण सांगणार? शेजारच्या पोरी अजून तिला विचारतात, तुला आईने भाजलं का? भर उन्हाळ्यात ती गुडघ्यापर्यंत मोजे ओढून शाळेत जाते. मी दुसऱ्या पाळीला कंपनीत निघाले की आजीचा पदर धरून विचारते, ते लोक परत येतील का?

आमच्यासारख्यांची दारे पटकन सापडतात. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या कोप्या रस्त्याच्या कडेला पडतात. आई-बाप पहाटे फडात, तान्ही पोरे पाचटावर, ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेजारून जातात. तिथे मात्र कागद घेऊन तपासणीला आलेले कोणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणखी एक गोष्ट, ही तुमच्यासाठी. कालच्या बातमीसोबत बालगृहातल्या मुलांचा फोटो छापलात, चेहरे स्वच्छ ओळखू येतात. त्याच कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या पोरांनाही शाळा आहे, वर्गात चिडवणारे आहेत. तो फोटो निदान तुमच्या संकेतस्थळावरून आजच्या आज काढा.

बाल संरक्षण कक्षाच्या अधिकाऱ्यांना माझी एवढीच मागणी आहे. घरी येणाऱ्या माणसाने ओळखपत्र दाखवावे, दार लावून आत बसावे, मुलाशी वेगळे आणि हळू बोलावे, दवाखान्याचे कागद त्याच वेळी पाहावेत. चौकशीत काही निघाले नाही तर तसे लेखी पत्र पालकांना द्यावे. मला अजून मिळालेले नाही.

पत्र छापणार असाल तर माझे नाव आणि गल्ली छापू नये. मुलीची शाळा जवळच आहे.

एक आई, कुपवाड (जि. सांगली)